नवखा सेफ्टी जोखायचा कसा? काइल हॅमिल्टनच्या पहिल्या वर्षाचा वाद

१८ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्टिमोर रेव्हन्स आणि मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघांत झालेल्या सामन्याचा चौथा आणि अखेरचा क्वार्टर सुरू झाला, तेव्हा यजमान बाल्टिमोर ३५-१४ असे पुढे होते आणि सामना जवळजवळ संपल्यात जमा होता. पुढच्या पंधरा मिनिटांत मायामीने २८ गुण केले. अवघे १४ सेकंद उरले असताना झालेल्या टचडाउनने, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन, त्यांनी ४२-३८ असा विजय मिळवला. मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, तुआ टागोवायलोआ याने त्या दिवशी ४६९ यार्डांच्या पासांसह सहा टचडाउन केले. पास झेलण्याचे काम करणाऱ्या रिसीव्हर टायरीक हिलने शेवटच्या क्वार्टरमध्ये ४८ आणि ६० यार्डांचे दोन टचडाउन पास झेलले, आणि दोन्ही वेळा त्याच्यामागे बाल्टिमोरचा एकही बचावपटू नव्हता. तिथे कोणीतरी असायला हवे होते, आणि हे ‘कोणीतरी’ कोण याचा शोध सुरू होताच बोट गेले ते आयुष्यातला दुसराच व्यावसायिक सामना खेळणाऱ्या एकवीस वर्षांच्या सेफ्टीकडे, काइल हॅमिल्टनकडे.

तोवर त्याच्याविषयी दोन तट पडलेले होतेच. एप्रिल २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बाल्टिमोरने त्याला चौदाव्या क्रमांकावर घेतले होते. एका गटाच्या मते पहिल्या पाचांत जायला हवा होता असा खेळाडू नशिबाने हाती लागला होता. दुसरा गट विचारत होता की तेरा संघांनी ज्याला सोडून दिले, त्याच्यात काहीतरी खोट असल्याशिवाय तसे घडले असेल का. सराव शिबिरात एका रिसीव्हरने त्याला सहज चकवल्याची छोटीशी चित्रफीत फिरली आणि दुसऱ्या गटाला पुरावा मिळाला. मायामीच्या सामन्यानंतर तर ‘बस्ट’ हा शब्दही उच्चारला जाऊ लागला. मोठ्या अपेक्षेने निवडलेला खेळाडू फुकट गेला, तर अमेरिकन चाहते त्याला हेच विशेषण लावतात. हॅमिल्टन पुढे लीगमधल्या उत्तम सेफ्टींपैकी एक ठरला हे आज ठाऊक आहे, त्यामुळे त्या गटाची थट्टा करणे सोपे आहे. मला मात्र वाटते की त्या वेळी दोन्ही गटांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर होते. फक्त ते दोन वेगवेगळ्या कामांविषयी बोलत होते. हे समजण्यासाठी आधी सेफ्टी काय करतो ते पाहायला हवे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू मध्यभागी असतो. बचाव करणाऱ्या संघात सर्वांत पुढे अवजड अंगाचे लाइनमन, त्यांच्यामागे लाइनबॅकर, कडांना समोरच्या रिसीव्हरवर नजर ठेवणारे कॉर्नरबॅक, आणि या सर्वांच्या मागे सहसा दोन सेफ्टी अशी रचना असते. पुढच्यांच्या हातून निसटलेला धावणारा खेळाडू किंवा डोक्यावरून गेलेला लांब पास शेवटी त्यांच्यापाशी येतो, आणि त्यांच्याही मागे उरते ते फक्त मोकळे मैदान. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाप्रमाणे त्यांचे चोख काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण एक चूक झाली की ती धावफलकावरच उमटते. कॉर्नरबॅकची चूक झाकायला मागे सेफ्टी असतो; सेफ्टीची चूक झाकायला कोणी नसते. त्यामुळे सेफ्टीविषयीची चाहत्यांची मते बहुतेक वेळा त्याच्या चार-पाच सर्वांत वाईट क्षणांवर बेतलेली असतात.

पुस्तकी व्याख्येत फ्री सेफ्टी आणि स्ट्राँग सेफ्टी असे दोन प्रकार सांगितले जातात. पहिला खोलवर राहून पास रोखतो आणि दुसरा पुढे येऊन धावपटूला पाडतो. आजच्या खेळात ही विभागणी फारशी कामाची राहिलेली नाही, कारण त्याच खेळाडूला एका सामन्यात तीन अगदी वेगळी कामे करावी लागतात. पहिले काम खोलवरचे. चेंडूपासून बारा-पंधरा यार्ड मागे उभे राहायचे, क्वार्टरबॅकचे डोळे आणि खांदे वाचायचे आणि पास सुटण्याआधीच त्या दिशेने निघायचे. दुसरे काम गर्दीतले. चेंडूजवळ, लाइनबॅकरांच्या ओळीत उभे राहायचे, धाव अडवायची आणि मधूनच अनपेक्षितपणे थेट क्वार्टरबॅकवर चालून जायचे, ज्याला ब्लिट्झ म्हणतात. तिसरे काम स्लॉटमधले. कडेचा रिसीव्हर आणि मधली लाइन यांच्यातल्या जागेत चपळ रिसीव्हर किंवा धिप्पाड टाइट एंड उभा राहतो, आणि त्याच्याशी एकट्याने झुंजायचे असते. पहिल्या कामाला वेग आणि अंदाज लागतो, दुसऱ्याला ताकद आणि धाडस, तिसऱ्याला लांब हात, झटकन वळणारे पाय आणि भरपूर संयम. तिन्हींत सारखाच तरबेज असलेला सेफ्टी दुर्मीळ असतो, आणि पहिल्याच वर्षी तसा असलेला तर जवळजवळ नसतोच.

हॅमिल्टनची उंची सहा फूट चार इंच आणि वजन सुमारे २२० पौंड, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. सेफ्टीसाठी हा बांधा असाधारण मोठा आहे. त्याचे वडील व्यावसायिक बास्केटबॉलपटू होते, ते परदेशात खेळत असताना ग्रीसमधल्या क्रीट बेटावर त्याचा जन्म झाला, आणि बास्केटबॉलपटूची ती ऐसपैस झेप त्याच्या खेळात दिसते. ड्राफ्टपूर्वीच्या चाचण्यांत मात्र त्याला ४० यार्ड धावायला ४.५९ सेकंद लागले, आणि पुढे महाविद्यालयात झालेल्या चाचणीत तो याहूनही मंद धावला. चांगल्या सेफ्टीकडून ४.५ सेकंदांच्या आतबाहेरची अपेक्षा असते, त्यामुळे चार-सहा महिन्यांपूर्वी पहिल्या पाचांत गणला जाणारा हा मुलगा चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरला. हा आकडा चाहत्यांच्या वादात पुन्हापुन्हा येतो, म्हणून त्याचा अर्थ नीट लावणे गरजेचे आहे. चाळीस यार्डांच्या सरळ शर्यतीत दोन खेळाडूंमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडला, तर मैदानावर तो साधारण एका यार्डाचा फरक ठरतो. पण खेळाडू चेंडू सुटल्याचे ओळखून निघायला तीन दशांश सेकंद उशीर करतो, तेव्हा सेकंदाला नऊ मीटर वेगाने पळणारा रिसीव्हर तेवढ्यात जवळपास तीन यार्ड पुढे गेलेला असतो. म्हणजे ओळखण्यातला उशीर हा पायांच्या मंदपणापेक्षा कितीतरी महाग पडतो. घड्याळ पायांचे मोजमाप करते. ओळखण्याचे मोजमाप करणारे घड्याळ अजून कोणी बनवलेले नाही, आणि हॅमिल्टनचा पक्ष घेणारे नेमके त्याकडेच बोट दाखवत होते.

त्यांच्या हातात पुरावाही चांगला होता. नोत्र दाम विद्यापीठाकडून खेळताना हॅमिल्टनने तीन हंगामांत आठ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास मधल्यामध्ये झेलण्याच्या आठ कामगिऱ्या केल्या होत्या. २०२१ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात फ्लोरिडा स्टेटविरुद्ध मैदानाच्या एका बाजूला उभा असलेला हा खेळाडू पास सुटायच्या आधीच निघाला आणि पलीकडच्या कडेपर्यंत धावत जाऊन त्याने चेंडू पकडला. ज्याचे पाय मंद आहेत तो एवढे अंतर कसे कापेल, हा त्यांचा प्रश्न बिनतोड वाटत होता. त्यात एक बारकावा मात्र राहून जात होता. मैदानावर चेंडू ठेवण्याच्या जागा दाखवणाऱ्या दोन तुटक रेषा असतात. महाविद्यालयीन मैदानावर त्यांच्यातले अंतर ४० फूट असते, तर एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ते केवळ साडेअठरा फूट असते. महाविद्यालयात चेंडू बऱ्याचदा एका कडेकडे असतो, त्यामुळे दुसरी बाजू ऐसपैस मोकळी राहते, क्वार्टरबॅकचा तिकडचा पास लांबचा होतो, तो हवेत जास्त वेळ राहतो, आणि चलाख सेफ्टीला तेवढी सवड मिळते. एनएफएलमध्ये चेंडू कायम मधोमधच्या आसपास असतो, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच धोक्याच्या असतात आणि पास फेकणारे हात कितीतरी जलद असतात. महाविद्यालयात पुरणारी सवड इथे पुरेल, असे गृहीत धरता येत नव्हते.

आता मायामीच्या सामन्याकडे परत येऊ. त्या पराभवाचे बरेचसे खापर एका मुलावर फुटले, पण तिथे काय घडत होते ते समजले तर दोष वाटला जातो. मायामीचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक मॅकडॅनियल यांची पद्धत अशी होती की चेंडू खेळात येण्याआधीच एक-दोन रिसीव्हर आडवे पळू लागत. समोरच्या बचावाला त्या एक-दोन सेकंदांत पुन्हा ठरवावे लागे की आता कोण कोणाला घेणार. आधुनिक बचाव बहुतेक वेळा ‘तू याला, मी त्याला’ असा सरळ नसतो. तो अटींवर चालतो. आतला रिसीव्हर सरळ पुढे धावत सुटला तर सेफ्टीने त्याला घ्यायचे, तो आडवा वळला तर त्याला लाइनबॅकरकडे सोपवून सेफ्टीने बाहेरच्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूला जायचे, आणि कॉर्नरबॅकने हे सगळे गृहीत धरून आपली जागा निवडायची. चेंडू सुटण्याआधी आरडाओरडा करून, हाताच्या खुणा करून या अटी एकमेकांना सांगितल्या जातात, आणि ही जबाबदारी मुख्यतः सेफ्टीची असते, कारण सगळे मैदान त्याच्या समोर असते. दोघांपैकी एकाने एक अट ऐकली आणि दुसऱ्याने दुसरी, तर दोघेही आपापल्या परीने ‘बरोबर’ वागतात आणि तरीही मधून हिल एकटा निसटतो. त्या दिवशी बाल्टिमोरचे अनुभवी कॉर्नरबॅक दुखापतींनी बेजार होते. एकाचा हंगाम पहिल्याच सामन्यात संपलेला होता आणि त्यांच्या जागी त्याच वर्षी निवडलेले नवखे कॉर्नरबॅक मैदानात होते. एक नवखा दुसऱ्या नवख्याला ओरडून सूचना देतो आहे, समोर जगातला बहुधा सर्वांत वेगवान रिसीव्हर आहे आणि घरच्या प्रेक्षकांच्या गोंगाटात एकवीस गुणांची आघाडी वितळते आहे, अशी ती अवस्था होती. बाल्टिमोरचे बचाव प्रशिक्षक माइक मॅकडोनाल्ड हेदेखील मिशिगन विद्यापीठातून परतून त्या पदावर पहिलाच हंगाम घालवत होते, म्हणजे सूचनांची सगळी व्यवस्थाच नवी होती.

इथे चाहत्यांच्या वादाला उपयोगी पडेल असा एक भेद करता येतो. नवख्या सेफ्टीच्या उणिवा दोन जातींच्या असतात. काही उणिवा ओळखीच्या आणि बोलण्याच्या असतात: समोरची मांडणी वाचायला लागणारा वेळ, सोबत्याशी न जुळलेली भाषा, खोटा इशारा करून फसवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवर ठेवलेला विश्वास, धावपटूच्या दिशेने फार उतावीळपणे किंवा चुकीच्या कोनातून धावणे. या चुका दिसायला भयंकर असतात, कारण त्यांतून थेट टचडाउन होतो, पण सरावाने त्या कमी होतात. दुसऱ्या उणिवा शरीराच्या असतात: कंबर वळवून उलट दिशेला धावायला लागणारा वेळ, सरळ वेगाची मर्यादा, वजनदार धावपटूशी टक्कर झाल्यावर मागे ढकलले जाणे. त्या फारशा सुधारत नाहीत. त्यांना वळसा घालावा लागतो. हॅमिल्टनच्या टीकाकारांनी पहिल्या जातीच्या चुकीला दुसऱ्या जातीचा पुरावा मानले. हिल सुटला म्हणजे हॅमिल्टन मंद आहे, असा निष्कर्ष निघाला. वस्तुतः चुकीच्या जागी उभा असलेला सेफ्टी ४.३ सेकंदांत धावणारा असता, तरी हिल सुटलाच असता. पण त्याच्या समर्थकांनीही उलट टोकाची चूक केली. ‘वाचन सुधारले की सगळे ठीक होईल’ असे म्हणताना, मैदानाच्या मधोमध एकट्याने उभे राहून दोन्ही कडा राखण्याच्या कामात शरीराची मर्यादा आडवी येऊ शकते, हे त्यांनी मान्यच केले नाही.

संघाने ते काहीसे मान्य केले असावे, असे त्याच्या निर्णयांवरून दिसते. हॅमिल्टनला निवडण्याच्या महिनाभर आधी बाल्टिमोरने न्यू ऑर्लिन्सच्या मार्कस विल्यम्स या खोलवरच्या कामातल्या निष्णात सेफ्टीशी पाच वर्षांचा सात कोटी डॉलरांचा करार केला होता. ज्या संघाने खोलवरची जागा अशी भरली, त्याने पहिल्या फेरीतला सेफ्टी त्याच जागेसाठी घेतला असेल, असे मानणे कठीण आहे. ऑक्टोबरमध्ये विल्यम्सचे मनगट निखळले आणि तो दोनेक महिने बाहेर गेला, तेव्हा त्याच्या जागी हॅमिल्टन येईल असा अनेकांचा अंदाज होता. ती जागा मिळाली जेनो स्टोनला, जो २०२० मध्ये सातव्या आणि शेवटच्या फेरीत निवडला गेला होता. टीकाकारांना आयतेच कोलीत मिळाले: चौदाव्या क्रमांकाचा खेळाडू सातव्या फेरीतल्याला हटवू शकत नाही म्हणजे काय! प्रश्न चोख होता, पण त्याचे उत्तर त्यांनी गृहीत धरले तसे नव्हते. संघ हॅमिल्टनला तिथे आणतच नव्हता. त्याला तो दुसरीकडे नेत होता.

मायामीच्या पराभवानंतर आठवड्याभरातच त्याची चुणूक दिसली होती. न्यू इंग्लंडविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये, जेमतेम पाच गुणांची आघाडी असताना, पास झेलून पळणाऱ्या नेल्सन ॲगोलोरच्या हातातला चेंडू हॅमिल्टनने मागून ठोसा मारून उडवला. चेंडू बाल्टिमोरला मिळाला आणि सामना ३७-२६ असा जिंकला गेला. तो ठोसा मारायला लांब हात आणि पाठलाग सोडून न देण्याची वृत्ती लागते. खोलवरच्या अंदाजाशी त्याचा संबंध नाही. हंगामाच्या उत्तरार्धात मॅकडोनाल्ड यांनी त्याला अधिकाधिक वेळ स्लॉटमध्ये, चेंडूच्या जवळ उभे केले, आणि तिथे तीच उंची, तेच हात, तेच वजन एकदम कामी येऊ लागले. छोट्या चणीच्या स्लॉट कॉर्नरबॅकला जे टाइट एंड सहज झाकून टाकतात, त्यांच्याशी हा खेळाडू खांद्याला खांदा लावून उभा राहू शकत होता. आखूड, आडव्या पासांच्या वाटेत त्याचे हात आडवे येत होते. धावपटूला तो बाहेरच्या बाजूने आत ढकलत होता. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर एकही इंटरसेप्शन नव्हते आणि सुरुवातीपासून मैदानात उतरलेले सामने केवळ चार होते. तरीही प्रत्येक खेळीची चित्रफीत पाहून गुण देणाऱ्या संस्थेने त्याला लीगमधल्या सर्वांत वरच्या सेफ्टींत बसवले.

या गुणांवरून नवा वाद पेटला, आणि त्यात थोडे थांबण्यासारखे आहे. सेफ्टीसाठी उपलब्ध असलेले जवळजवळ सगळेच आकडे फसवे असतात. टॅकल, म्हणजे धावपटूला पाडल्याची नोंद, जास्त असणे चांगलेच असेल असे नाही. मागचा खेळाडू सारखा टॅकल करत असेल तर त्याच्या पुढचे सहकारी कुचकामी असण्याचीही शक्यता असते. ‘याच्या दिशेने फक्त इतके पास फेकले गेले’ हा आकडाही दोन्हीकडे वळतो, कारण क्वार्टरबॅक त्याला घाबरत असेल किंवा त्याची जागाच अशी असेल की तिकडे पास क्वचितच जातात. चुकलेल्या टॅकलची टक्केवारी जास्त उपयोगी आहे, पण एका हंगामात कमी वेळ खेळलेल्या नवख्याचे असे प्रयत्न थोडेच असतात, आणि दोन-तीन चुकांनी ती टक्केवारी खालीवर होते. गुण देणाऱ्या संस्थेला खेळाडूला नेमकी कोणती सूचना होती हे ठाऊक नसते. हिल सुटला तेव्हा चूक कोणाची, हे तिलाही अंदाजानेच ठरवावे लागते. आणि सर्वांत मोठी मेख अशी की हॅमिल्टनला त्याच्या सोयीच्या जागी ठेवून गुण दिले जात होते. टीकाकार म्हणत होते, ‘सोपे काम देऊन चांगले गुण मिळवले’. मला हा आक्षेप पूर्ण खोटा वाटत नाही. फक्त स्लॉटचे काम सोपे असते, हे त्यातले गृहीतक चुकीचे आहे. आजच्या एनएफएलमध्ये बचाव करणारे संघ बहुतांश वेळ पाच-पाच मागचे खेळाडू घेऊन खेळतात, आणि त्यांतल्या या पाचव्या खेळाडूवर धाव आणि पास या दोन्हींचा भार एकाच वेळी येतो.

बाल्टिमोरच्या चाहत्यांच्या उतावीळपणाला एक इतिहासही होता. २००२ मध्ये त्यांनी चोविसाव्या क्रमांकावर एड रीडला निवडले. त्याने पहिल्याच वर्षी पाच इंटरसेप्शन केले, २००४ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि एकूण ६४ इंटरसेप्शन करून २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. सेफ्टी असा असतो, ही त्या शहराची कल्पना रीडने घडवली: खोलवर फिरणारा, क्वार्टरबॅकला फसवणारा, चेंडू चोरणारा. रीड गेल्यावर २०१३ मध्ये पहिल्या फेरीत मॅट इलम आला. पहिल्या वर्षी बहुतेक सामने सुरुवातीपासून खेळूनही त्याची जागा पुढे टिकली नाही, आणि ‘पहिल्या फेरीतला सेफ्टी’ या शब्दांनीच चाहत्यांच्या पोटात गोळा येऊ लागला. हॅमिल्टनकडे पाहताना एका गटाला रीड हवा होता आणि दुसऱ्याला इलम दिसत होता. तो त्या दोघांसारखाही नव्हता. शिवाय ड्राफ्टच्या त्याच रात्री संघाने मार्क्वीज ब्राउन हा लोकप्रिय रिसीव्हर ॲरिझोनाला देऊन टाकला होता आणि त्याचा राग अजून ताजा होता. हॅमिल्टनचा त्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता, पण रागाला अशा तपशिलांची पर्वा नसते.

२०२३ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी त्याला कोणत्याही एका जागी बांधून ठेवायचे नाही असे ठरवले, आणि वादाचा निकाल लागल्यासारखे झाले. सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिसविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच त्याने तीन वेळा क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडले, म्हणजे सॅक केले. वर्षभरात तीन सॅक झाले तरी सेफ्टीसाठी ते कौतुकाचे असते. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडविरुद्ध सामना नुकताच सुरू झाला असताना त्याने ब्लिट्झवर जाऊन समोरून येणारा पास हाताने उडवला, तोच स्वतः झेलला आणि अठरा यार्ड धावत टचडाउन केला. नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ब्रॉक पर्डीचे दोन पास त्याने हिसकावले. बाल्टिमोरचा बचाव त्या वर्षी सर्वांत कमी गुण देणारा आणि सर्वाधिक सॅक करणारा ठरला, आणि हॅमिल्टन ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला. गंमत अशी की ज्या दोन सामन्यांत त्याने सर्वांत अचाट खेळ केला, इंडियानापोलिस आणि क्लीव्हलँडविरुद्धचे, ते दोन्ही बाल्टिमोर हरले.

त्याच वर्षी संघात सर्वाधिक इंटरसेप्शन कोणाचे होते? हॅमिल्टनचे चार, आणि जेनो स्टोनचे सात. पुढच्या मोसमात स्टोन सिनसिनाटीला गेला आणि तिथे चुकलेल्या टॅकलबद्दल त्याच्यावर सडकून टीका झाली. स्टोन वाईट खेळाडू होता असे यावरून ठरत नाही. ज्या बचावात पुढचे खेळाडू क्वार्टरबॅकला घाईत पास फेकायला लावतात आणि मधली वाट हॅमिल्टनसारखा कोणी बंद करतो, तिथे खोलवर शिस्तीत उभ्या असलेल्या सेफ्टीच्या हातांत काही चेंडू आपोआप येतात. पहिल्या वर्षी हॅमिल्टनच्या नावावरचे शून्य मोजणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घेतला नव्हता. इंटरसेप्शन हा आकडा वर्षागणिक एवढा उड्या मारतो की नवख्याच्या बाबतीत मी तो पाहणे जवळजवळ सोडून दिले आहे.

गोष्ट इथे संपली असती तर ‘त्याला योग्य जागा सापडली’ एवढेच सांगून थांबता आले असते, पण २०२४ ने ती गुंतागुंतीची केली. मॅकडोनाल्ड सिएटलचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले, बाल्टिमोरचा पासविरुद्धचा बचाव हंगामाच्या पूर्वार्धात लीगमधल्या सर्वांत दुबळ्यांपैकी एक ठरला, आणि खोलवरच्या जागेचा मालक असलेल्या मार्कस विल्यम्सलाच बाकावर बसवण्याची वेळ आली. तेव्हा संघाने हॅमिल्टनला मागे, खोलवर नेले, म्हणजे नेमक्या त्या जागी जिथे तो चालणार नाही असे २०२२ मध्ये सांगितले जात होते. बचाव सुधारला. समर्थकांनी अर्थातच जुने हिशेब चुकते केले. मात्र त्याच्यासोबत आर्डेरियस वॉशिंग्टन हा चपळ साथीदार होता आणि दोघे मिळून खोलवरचे मैदान वाटून घेत होते. अर्धे मैदान राखणे आणि मधोमध एकट्याने उभे राहून दोन्ही कडा राखणे यांत बराच फरक आहे. शिवाय तोवर त्याच्या गाठीशी दोन हंगामांचे वाचन होते, आणि आधी सांगितल्याप्रमाणे तीन दशांश सेकंद आधी निघणारा खेळाडू शर्यतीत हरवलेली यार्डे परत मिळवतो. त्याच्या वेगावर शंका घेणारे तेव्हा चुकले होते की फक्त दोन वर्षे घाई करत होते, हे अजूनही पूर्णपणे ठरलेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये बाल्टिमोरने हॅमिल्टनशी चार वर्षांसाठी दहा कोटी डॉलरांहून थोड्या अधिक रकमेचा करार केला आणि तो लीगच्या इतिहासातला सर्वांत महागडा सेफ्टी झाला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये संघाने पहिल्या फेरीत, सत्ताविसाव्या क्रमांकावर, जॉर्जिया विद्यापीठाचा मलाकी स्टार्क्स हा आणखी एक सेफ्टी घेतला होता, आणि हंगामाची सुरुवात पडझडीने होताच तीच चर्चा नव्या नावाने सुरू झाली: हा खोलवर उशिरा पोहोचतो, याचा कोन चुकतो, हा रीड नाही. स्टार्क्सला जोखताना हॅमिल्टन तेव्हा कुठे उभा होता हे पाहायला हवे. सुरुवातीच्या सामन्यांत खोलवरची फट बुजवायला हॅमिल्टनलाही मागे राहावे लागत होते, आणि चेंडूजवळ त्याची उणीव भासत होती. ऑक्टोबरमध्ये संघाने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा ओडाफे ओवे हा आपला खेळाडू लॉस एंजेलिस चार्जर्सला दिला आणि त्या बदल्यात हॅमिल्टनचा नोत्र दाममधला जुना सहकारी, सेफ्टी अलोही गिलमन, आणला. गिलमन आणि स्टार्क्स मागे राहू लागले, हॅमिल्टन पुढे मोकळा झाला, आणि स्टार्क्सची चित्रफीतही पाहता पाहता बरी दिसू लागली, जरी त्या मधल्या काळात त्याचा वेग किंवा वाचन फारसे बदललेले नव्हते.